दळण सुधारा, कॉफी सुधारेल



शहरात नोकरीला असलेला मुलगा किंवा जावई सणाला घरी येताना हल्ली कधीकधी एस्प्रेसो कॉफीचे लहानसे विजेचे यंत्र घेऊन येतो. पहिले चार दिवस घरात त्याचे कौतुक होते. मग कोणी म्हणते, "अहो, ही तर कडूजहर लागते!" दुसरे म्हणते, "छे, नुसतं आंबट पाणी आहे." महिन्याभरात यंत्र माळ्यावर जाते. काही हजार रुपयांची वस्तू धूळ खात पडते, किंवा त्याहून महाग यंत्र घ्यावे अशी बोलणी सुरू होतात. तो खर्च करण्यापूर्वी थोडे थांबा, हेच आज मला सांगावयाचे आहे. कारण पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, दळणाचा असतो.

आधी एस्प्रेसो म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे लग्नकार्यात वाफ सोडून फेसाळ केलेली दुधाची कॉफी या नावाने मिळते. ती गोड लागते खरी, पण मूळची एस्प्रेसो वेगळी. इटलीतील मिलान शहरात लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबावर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे त्याच शहरातील अकिले गाज्जा यांनी वाफेऐवजी दट्ट्याने गरम पाणी कॉफीतून दाबून काढण्याची युक्ती योजली. १९४८ साली त्यांची दांड्याची यंत्रे आली आणि कॉफीवर सोनेरी साय दिसू लागली. आजही तत्त्व तेच आहे. सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी, सुमारे ९ बार दाब, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ चौपट, आणि २५ ते ३० सेकंदांचा वेळ.

यंत्राच्या खोक्यावर "१५ बार" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याला भुलू नका. तो पंपाचा जास्तीत जास्त जोर झाला. कॉफीला ९ बार पुरे.

आता मुख्य मुद्दा. पंप पाणी ढकलतो, पण त्याला अडवते कोण? कॉफीची पूड. पूड भरड असली की पाणी सरळ निसटते. कॉफी आंबट आणि पाणचट होते. पूड फार बारीक असली की पाणी अडून थेंबथेंब येते. कॉफी कडू होते. भाकरीचे पीठ वेगळे आणि लापशीचा रवा वेगळा, हे घरातल्या बायकांना सांगावे लागत नाही. कॉफीचेही तसेच आहे. मिक्सरचे पाते बिया तोडते. त्यात काही कण रव्याएवढे राहतात, तर काहींची धूळ होते. जाते मात्र दोन तळ्यांमध्ये सारखे दळते. तेव्हा जात्याच्या तत्त्वावर चालणारी, बारीक-भरड करता येणारी हातचक्की घ्या. महाग यंत्रापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. मात्र घेताना ती एस्प्रेसोइतके बारीक दळते ना, हे विचारून घ्या.

कॉफी ताजी भाजलेली घ्या. आपल्या देशात ती मुख्यतः कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत पिकते; आपल्या चिखलदऱ्यालाही थोडी होते. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. भाजून आठवडा झालेल्या बिया उत्तम; महिना-दीड महिन्यात संपवाव्यात. चिकोरी मिसळलेली पूड या कामाची नव्हे. गरम पाण्यात विरघळणारी तयार कॉफी तर यंत्रात मुळीच घालू नका.

आता कृती. यंत्र तापले की आधी पूड न घालता नुसते गरम पाणी एकदा सोडा, म्हणजे दांड्याची पळी आणि पेला दोन्ही गरम होतील. पळीतली जाळीची वाटी पुसून कोरडी करा. तिच्यात मावेल तेवढी, समजा १४ ग्रॅम पूड, लहान काट्यावर तोलून घाला. ती सारखी पसरा आणि सपाट दाबा. पाटाच्या बांधाला उंदराचे बीळ पडले की सारे पाणी तेथूनच जाते ना? पूड एका बाजूला सैल राहिली तर इथेही तसेच होते. मग यंत्र सुरू करा आणि घड्याळ पाहा. पेल्यात पुडीच्या दुप्पट वजनाची, म्हणजे २८ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत यावी. लवकर आली तर दळण बारीक करा. उशीर लागला तर भरड करा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, वजन आणि दाबणे तिन्ही एकदम बदललेत, तर गुण कशाने आला ते कळायचे नाही.

पुष्कळ स्वस्त यंत्रांत दुहेरी तळाची वाटी असते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असते. ते भोकच पाणी अडवते, म्हणून फेस दिसला तरी चव येतेच असे नाही. त्या वाटीत पूड फार बारीक घालू नका, ती तुंबते. एकेरी जाळीची वाटी मिळत असेल तर आणा. दळणाचा खरा गुण तिच्यातच दिसेल.

काही यंत्रांना पंप नसतो. ती वाफेवर चालतात. त्यांचा दाब कमी आणि पाणी फार तापलेले असते. त्यांत पहिली गडद धार तेवढी घ्या. धार फिकट होताच पेला काढा. आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय टाकीचे झाकण किंवा पळी उघडू नका. प्रेशर कुकरची शिस्त इथेही पाळा.

विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी टाळा. आत क्षार बसतात. बसलेच तर यंत्राच्या पुस्तिकेत पाहून लिंबूसत्वाच्या पाण्याने ते काढा आणि नंतर स्वच्छ पाणी दोनदा सोडा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवितो. खडीसाखरेचा खडा एका पेल्यात आणि तेवढ्याच वजनाची पिठीसाखर दुसऱ्या पेल्यात विरघळवून मुलांना दाखवा. कण बारीक झाला की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो, हे त्यांना चटकन समजेल. मग काटा, घड्याळ आणि वही घेऊन घरच्या कॉफीची नोंद ठेवायला मोठ्यांनाही अवघड वाटणार नाही.

तेव्हा मंडळी, माळ्यावरचे यंत्र खाली काढा, पुसून घ्या. दहा-बारा पेल्यांची नोंद वहीत झाली की नवे यंत्र हवे की नको, हे तुमचे तुम्हीच ठरवू शकाल.