कोण हरवलंय, हे कळण्यासाठी मोजू या

(इंदापूर येथे युवा संशोधकांच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



या खोलीत बसलेल्यांच्या घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, ते सकाळी आपण फळ्यावर लिहिलं. पारधी, गोरमाटी, वडारी, कैकाडी, भिल्ली, कातकरी आणि मराठी. वडारी तेलुगूच्या नात्यातली, कैकाडी तमिळच्या, तर पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची. बारामती आणि इंदापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना ऊस आठवतो, साखर कारखाने आठवतात, भिगवणच्या पाण्यावरचे रोहित पक्षी आठवतात. पण हा ऊस तोडणारे, विटा भाजणारे, दगड फोडणारे, उजनीच्या पाण्यात जाळं टाकणारे हात कुठकुठून आले, हे फळ्यावरच्या यादीवरून कळतं. त्या हातांची लेकरं म्हणजे तुम्ही.

पुढचे काही महिने तुम्ही वस्त्यांवर, उसाच्या फडांवर आणि भट्ट्यांवर जाऊन माहिती गोळा करणार आहात. मुलं शाळेत जातात का, घरात कोणते कागद आहेत, हंगामात कोण कुठे जातं, किती उचल घेतली जाते. याला आम्ही संशोधन म्हणतो. या शब्दानं बिचकू नका. जे आपल्याला माहीत नाही, पण माहीत असल्याशिवाय आपलं अडतं, ते नीट, क्रमानं आणि खरेपणानं शोधून काढणं म्हणजे संशोधन. अर्जुन अप्पादुराई या अभ्यासकांनी २००६ साली एक लेख लिहून असं मांडलं की संशोधन हा काही फक्त प्राध्यापकांचा मक्ता नाही, तो सामान्य माणसाचा हक्क आहे. त्यांनीच स्थापन केलेल्या मुंबईच्या ‘पुकार’ संस्थेनं युवकांची फेलोशिप चालवली. त्यात चाळी-झोपडपट्टीतल्या, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलामुलींनी गट करून आपल्याच जगण्यातल्या प्रश्नांचा अभ्यास केला. तिकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावानं आधी अभ्यासगट चालवले. जंगलात काय आहे, कायदा काय सांगतो, हे गावानं स्वतः समजून घेतलं. २००९ साली वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये मेंढा होतं. आधी अभ्यास झाला, मग हक्क मिळाला, हा क्रम लक्षात ठेवा.

आता एक कडू गोष्ट. ती तुमच्यापैकी काहींना घरून माहीत आहे, काहींना नाही.

आपल्या लोकांबद्दल माहिती गोळा करण्याचं काम या भागात नवीन नाही. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली. कुणी काही केलेलं असो वा नसो, जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, असं त्या कायद्याचं तत्त्व. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, पास असल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. मुंबई इलाख्यात या जमातींसाठी वसाहती काढल्या गेल्या आणि त्यांतल्या काहींचा कारभार मिशनांकडे सोपवला गेला. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे होती. बारामतीची होती ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट मिशनकडे.

आपण मिशनची माणसं आहोत, म्हणून हे मी आवर्जून सांगतो. त्या मिशनऱ्यांनी शाळा चालवल्या, औषधपाणी केलं, हे खरं. पण हजेरीचं पुस्तकही त्या व्यवस्थेचाच भाग होतं, हेही तितकंच खरं. ज्या हातानं धडा शिकवला जात होता, त्या हाताजवळच तो हजेरीपट होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. तो दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो. कायदा गेला, पण नजर गेली नाही. जून १९९८ मध्ये याच बारामतीत एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. लेखक-पत्रकार दिलीप डिसोझा यांनी त्याबद्दल आपल्या ‘ब्रँडेड बाय लॉ’ या पुस्तकात लिहिलं आहे. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी गट उभा केला होता, त्या गटानं हे प्रकरण लावून धरलं.

आणि विरोधाभास पाहा. आज पारधी किंवा भिल्ल पोराला अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल, तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. वडार, कैकाडी, बंजारा मुलाला विमुक्त किंवा भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. ज्या आजोबांची कधीकाळी रोज हजेरी घेतली गेली, ते कुठे राहत होते हे नातवानं सिद्ध करायचं! पाळत ठेवायची तेव्हा त्यांची नोंद होती. हक्क द्यायची वेळ आली तेव्हा ती सापडत नाही.

म्हणून तुम्ही वही उघडलीत की एखादी म्हातारी उठून पालात जाईल. तिच्यावर रागावू नका. तिच्या घरानं वही पाहिलेली आहे.

मग आपण का मोजायचं? पवित्र शास्त्रात मोजण्याच्या दोन गोष्टी आहेत. एक दावीद राजाची. त्यानं आपलं बळ किती, हे पाहायला तलवार चालवणारे पुरुष मोजायला सांगितलं. सेनापती यवाबालाही ते पटलं नव्हतं. नऊ महिने वीस दिवस गणती चालली आणि ती संपल्यावर राजाचं मन त्याला खाऊ लागलं. दुसरी गोष्ट प्रभू येशूनं सांगितलेली, शंभर मेंढरांच्या धन्याची. ती इंदापूरच्या धनगराला समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी वाघराशी उभं राहून त्यानं मोजलं नसतं, तर एक हरवलंय हे त्याला कळलंच नसतं. नव्याण्णव दिसायला शंभरासारखीच दिसतात.

मोजणं तेच, पण एक आपली ताकद पाहायला आणि दुसरं हरवलेलं शोधायला. तुमच्या फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न या दोन्हींपैकी कुठल्या बाजूचा आहे, ते स्वतःला विचारत जा. याच कारणानं आपल्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना नाही. पाहणी चालू असताना प्रार्थनेचं आमंत्रण द्यायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत. तुमच्यातले निम्मे ख्रिस्ती नाहीत, त्यांनी निःशंक राहावं. आणि जे ख्रिस्ती आहेत त्यांनी हे समजून घ्यावं की भुकेल्याचं नाव लिहिताना त्याच्या श्रद्धेचा भाव करायचा नसतो.

आता कामाचं बोलू. प्रश्न कसा विचारायचा?

गेल्या हंगामात बारामती तालुक्यातल्या एका फडावर आमच्या दोन मुली गेल्या होत्या. एक इथल्याच शेतकरी घरातली, दुसरी मराठवाड्यातून आलेल्या बंजारा तोडणी कामगाराची मुलगी. कोपीपुढे बसलेल्या बाईला पहिलीनं विचारलं, “मुलगी शाळेत जाते का?” बाई म्हणाली, “जाते की, नाव आहे.” उत्तर खोटं नव्हतं. गावाकडच्या शाळेत नाव होतंच. मग दुसरीनं गोरमाटीत विचारलं, “काल तुम्ही दोघं फडात होता, तेव्हा या लहानग्याला कोणी सांभाळलं?” बाईनं नऊ वर्षांच्या पोरीकडे बोट दाखवलं. “परवा?” तीच. “त्याच्या आधी?” तीच. आई-बाप मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यामागे ही तिसरी मजूर, जिची मुकादमाच्या हिशेबात नोंद नाही आणि शाळेच्या पटावर मात्र आहे.

यातून तीन गोष्टी घ्या. “जाता का, करता का, मिळतं का” असं विचारू नका. “काल काय झालं” ते विचारा. लोक आपल्या कालच्या दिवसाबद्दल सहसा खरं सांगतात. दुसरं, बाईच्या भाषेत विचारा. मराठीत तिला उत्तर देता येतं, पण तिच्या बोलीत ती बोलते. आणि तिसरं, जोडीनं जा. आपल्याच समाजातल्या माणसाला पुष्कळ गोष्टी इतक्या सवयीच्या असतात की त्याला त्या विचाराव्याशा वाटत नाहीत. परक्याला त्या खटकतात, पण त्याला कोणी सांगत नाही. म्हणून एक आतला आणि एक बाहेरचा अशी जोडी. पारध्याची पोर वडाराच्या पोराबरोबर, कातकरी मुलगा मराठा शेतकऱ्याच्या मुलाबरोबर. ज्या घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या हातचं पाणी चाललं नाही, त्या घरांतली मुलं एका मोटारसायकलवरून एक डबा खात फिरतील. फॉर्म भरण्याइतकंच हेही आपलं काम आहे.

जोडीचं आणखी एक कारण आहे. पारधी तरुण हातात वही घेऊन घरोघर फिरू लागला, की कोणाच्या घरात काय आहे ते टिपतोय, अशी शंका घेणारे निघतात. म्हणून ग्रामपंचायतीला आधी पत्र दिल्याशिवाय कोणीही गावात पाऊल टाकणार नाही. ओळखपत्र गळ्यात. अंधार पडायच्या आत परत. कोणी अडवलं तर वाद घालायचा नाही, फोन करायचा.

धोक्याच्या जागा आणखी आहेत. गेल्या काही वर्षांत उजनीच्या पाण्यावर मासेमारीसाठी उचल देऊन आणलेल्या आणि मग सोडलंच नाही अशा कातकरी कुटुंबांची सुटका झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. असं कुटुंब दिसलं तर तिथे शूर व्हायचं नाही. ठेकेदाराशी बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. ठिकाण लक्षात ठेवून त्याच दिवशी आम्हाला सांगायचं. पुढचं काम तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयाचं आहे, आणि ते त्यांनी करावं यासाठी मागे लागणं आमचं. लेकरू संकटात दिसलं तर १०९८ हा नंबर पाठ असू द्या.

आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे आपलंच घर. तुम्हाला पंधराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी भेटेल, ती तुमची मामेबहीण असेल. जातपंचायतीनं दंड घेतलेला माणूस भेटेल आणि पंच तुमचे चुलते असतील. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला, पण कायद्याला जेवायला चुलत्याच्या घरी जावं लागत नाही, तुम्हाला जावं लागतं. लोक म्हणतील, आधीच आपल्या जातीला नावं ठेवतात, त्यात तू भर घालतोस? हा प्रश्न खोटा नाही. माझं सांगणं एवढंच, की नाव लपवा, गोष्ट लपवू नका. कागदावर व्यक्ती ओळखू येता कामा नये, पण काय घडतं ते आलं पाहिजे. आपण जे झाकतो ते एक दिवस दुसरा कोणीतरी उघडतो, आणि त्याला आपली माया नसते.

संस्थेच्या वडीलधाऱ्यांनाही दोन विनंत्या. ही मुलं एक दिवस वस्तीवर फिरली, की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा त्यांना मानधन रोखीनं आणि वेळेवर मिळालं पाहिजे. सेवेच्या नावाखाली गरिबाचा दिवस फुकट घेऊ नये. दुसरं, वार्तापत्रात छापायला रडक्या लेकराचा फोटो मागू नका. देणगीदार बंधू-भगिनी समजूतदार आहेत. त्यांना खरं सांगितलं तर तेही पुरे होतं.

शेवटी, मिळालेली माहिती कोणाची? ज्यानं दिली त्याची. नहेम्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो यरुशलेमला आला तेव्हा पहिले तीन दिवस काही बोलला नाही. रात्री थोडी माणसं घेऊन निघाला आणि पडलेला कोट, जळलेल्या वेशी स्वतः फिरून पाहिल्या. अहवाल घेऊन तो राजाकडे परत गेला नाही. तो लोकांसमोर उभा राहिला आणि जे पाहिलं ते त्यांना सांगितलं. मग लोक कामाला लागले, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधून काढला.

तसंच आपण करायचं. पाहणी संपली की आकडे आधी पुण्याला जाणार नाहीत, इंग्रजीत जाणार नाहीत. ज्या वस्तीतून ते आले त्या वस्तीत, त्यांच्या बोलीत, समाजमंदिरात किंवा झाडाखाली ते वाचून दाखवायचे. कोणी म्हणालं “हे चूक लिहिलंय”, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. किती मुलं सलग शाळेत नव्हती, किती घरांत दाखला नाही, किती उचल अजून फिटायची आहे, हे वस्तीनं स्वतः ऐकायचं. मग अर्ज कोणी लिहायचा, तलाठ्याकडे कोणी जायचं, शिक्षण हमी पत्रकाबद्दल मुख्याध्यापकांना कोणी भेटायचं, ते वस्तीच ठरवील. तुम्ही त्यांच्याबरोबर चालायचं.

तुमच्या आजोबांची हजेरी दुसऱ्यांनी घेतली. आता पेन तुमच्या हातात आहे. ते जपून, खरेपणानं आणि मायेनं चालवा. देव तुमच्या पायांना बळ देवो. जेवणानंतर फॉर्मचा सराव आहे. पहिली जोडी दोन वाजता.