बुद्धी हाताशी, भार देवावर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात रविवारी सकाळच्या उपासनेच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या १९७९ सालच्या दहावीच्या विद्यार्थिनी असून निवृत्त परिचारिका आहेत.)



आपल्यातले सगळे ख्रिस्ती नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण सकाळच्या प्रार्थनेला आपण सगळे एकाच रांगेत उभे राहत होतो, म्हणून मोकळेपणानं बोलते.

समितीनं मला ‘देवाचं मार्गदर्शन’ हा विषय दिला. या विषयावर नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातली पाचवी आणि सहावी वचनं आपल्याला शाळेत पाठ करायला लावली होती. परमेश्वरावर अगदी मनापासून भरवसा ठेवावा, आपल्या समजुतीच्या आधारावर राहू नये, म्हणजे तो आपल्या वाटा नीट करतो, असा त्यांचा आशय. लहानपणी मला प्रश्न पडायचा, की बुद्धीवर भरवसा ठेवायचा नाही, तर मग गणिताचा अभ्यास तरी कशाला करायचा?

पुढे कळलं, की तेच पुस्तक पानोपानी शहाणपणाची थोरवी गातं. आळशी माणसाला मुंगीकडे पाहायला सांगतं. पुष्कळांचा सल्ला घ्या म्हणतं. म्हणजे बुद्धी वापरू नका, असं ते सांगत नाही. मूळ इब्री भाषेत तिथं जो शब्द आहे त्याचा अर्थ टेकणं, अंगाचा भार टाकणं. हाच शब्द दुसऱ्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात येतो. गिलबोवा डोंगरावर लढाई हरल्यावर शौल राजा आपल्या भाल्यावर टेकून होता, असं बातमी आणणारा तरुण सांगतो. भाला हे उत्तम हत्यार. पण उभं राहायला तेवढाच आधार उरला, तर राजाचीही काय गत होते ते तिथं दिसतं. आपली बुद्धी अशीच आहे. ती हातात असावी, पण सगळा भार तिच्यावर नसावा.

मग मार्गदर्शन मिळतं कसं? पवित्र शास्त्र वाचून, प्रार्थनेत थांबून, आणि मंडळीतल्या जाणत्या माणसांना विचारून. या तिन्हींचा मेळ पाहावा. ‘देवानं मला सांगितलं’ असं म्हणणाऱ्याला दर वेळी स्वतःला हवं तेच ऐकू येत असेल, तर त्यानं पुन्हा तपासून पाहावं. आणि एक गोष्ट परिचारिका म्हणून सांगते. विश्वास आहे म्हणून इन्सुलिन बंद करणारे रुग्ण मी वॉर्डात पाहिले आहेत. तो विश्वास नव्हे. औषधही देवाच्याच हातून आलेलं आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं. ती मुदत संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हिशेब होता. हिशेब चोख होता, त्यात काहीच चुकलेलं नव्हतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत होत्या. रमाबाईंनी स्वतः दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गमावले होते. त्या तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीनशे मुलींना घेऊन आल्या. एवढ्या मुलींसाठी त्या चोख हिशेबात रकानाच नव्हता. ज्या केडगावात बाग व्हायची होती, तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. पुढं काय होणार, हे देवानं त्यांना आधी कागदावर लिहून दिलं नव्हतं. समोर भुकेली मुलगी होती, आणि तिच्याशी कसं वागायचं हे शास्त्रात आधीच सांगितलेलं होतं.

मला आज एवढंच मांडायचं आहे. जे सांगितलेलं नाही ते आपण देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि जे स्पष्ट सांगितलं आहे ते टाळायला बुद्धीला वकील म्हणून उभं करतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. १९९९ साली मला मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली. पगार इथल्या चौपट. घरावर कर्ज होतं, यजमान एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये, दोन मुलं शाळेत. पासपोर्ट तयार होता. त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. मी वही घेऊन हिशेब मांडला. तिकडून पैसे पाठवून इथं बाई ठेवता येत होती. कागदावर जाणंच बरोबर ठरत होतं. मी प्रार्थना केली, खूण मागितली. खूण काही मिळाली नाही.

आमच्या पाळकांनी उपदेश केला नाही, एकच विचारलं, “त्यांची कूस कोण बदलणार?” अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे घरात फक्त मला येत होतं. पाच वर्षांनी काय, याचं उत्तर मला मिळालं नाही. उद्या सकाळी काय, याचं मिळालं. मी राहिले. त्या सहा वर्षे अंथरुणावर होत्या, आणि त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

मी राहिले म्हणून घरात भरभराट झाली, असं मात्र नाही. कर्ज फिटायला मुलीचं लग्न होईपर्यंत वेळ लागला. माझ्याबरोबर निवड झालेल्या मैत्रिणी गेल्या, त्यांनी घरं बांधली, भावंडांना शिकवलं. त्यांना देवानं जायलाच सांगितलं असेल. वाट नीट होणं म्हणजे ती सोपी होणं नव्हे. पुढचं पाऊल कुठं टाकायचं तेवढं दिसतं, आणि ते टाकल्यावर त्याच्या पुढचं.

सोबत्यांनो, आपण साठीच्या आसपास आहोत. आता आपल्याला सल्ला देणारे कमी आणि विचारणारे जास्त झाले आहेत. अशा वयात स्वतःच्या अनुभवावर टेकण्याचा मोह फार होतो. म्हणून एक विनंती करते. या आठवड्यात एखादा निर्णय समोर असेल, तर हिशेब जरूर मांडा, जाणत्यांना विचारा. मग वही मिटून स्वतःला विचारा, की यातलं कोणतं काम देवानं मला आधीच सांगून ठेवलं आहे? एखाद्या भावाला फोन करायचा असेल, कुणाचे पैसे परत करायचे असतील, कुणाच्या उशाशी बसायचं असेल. तेवढं आधी करा. बाकीचं त्याच्यावर सोपवा.

आता आपण उभे राहून प्रार्थना करू या.