खर्जाची खरखर

घरच्या ध्वनिसंचातील सबवूफर, ज्याच्यावर सुमारे २० ते १२० हर्ट्झच्या खर्ज स्वरांची जबाबदारी असते, तो फाटक्या आवाजात घरघरू लागल्यास त्याला नादुरुस्त ठरविण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे हितावह होय. प्रथम गेनचा नॉब निम्म्यावर आणावा. आवाज निवळला, तर अँप्लिफायरवर कुवतीबाहेरचा भार पडून ध्वनिलहरींचे माथे छाटले जात होते, असे समजावे. दोष कायम राहिल्यास वायर बदलून पाहावी, पेटीचे सैल स्क्रू आवळावेत. अखेरीस वीजपुरवठा बंद करून, स्पीकरच्या शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून तो समतोलपणे किंचित दाबावा. खरखरीत घर्षण जाणवले, तर आतील कॉइल चुंबकाला घासत असण्याचाच संभव अधिक, म्हणून स्पीकर विनाविलंब जाणत्या कारागिराच्या हवाली करावा.