घरांतील छायाचित्रें आणि त्यांमागील नांवें
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



आपल्या वसईंत ज्युबिलीचा प्रसंग आला म्हणजे घरोघरच्या पेट्या उघडतात आणि जुनीं छायाचित्रें बाहेर निघतात. त्यांत लग्नाचीं असतात, बाप्तिस्म्याचीं असतात, प्रथम कम्युनियनचीं असतात. सर्व मंडळी नवीं वस्त्रें लेऊन, ताठ उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहत असते. हीं चित्रें आम्हांसहि प्रिय आहेत. परंतु माणसाचें आयुष्य समारंभांत थोडें व कामांत फार जातें, आणि त्या कामाचें चित्र मात्र आपल्या पेटींत क्वचितच सांपडतें. ह्या उणिवेकडे आपलें लक्ष वेधावें अशी आमची इच्छा आहे. त्यासाठीं उदाहरण घेतों तें फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठाचें.

लिझ्यूची संत तेरेजा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिची थोरली बहीण सेलिन हिनें वडिलांच्या मृत्यूनंतर, सप्टेंबर १८९४ मध्यें, त्याच मठांत प्रवेश केला आणि आपला कॅमेराहि बरोबर आणला. बंद भिंतींआडच्या मठांत अशी वस्तु येणें हें त्या काळीं नवलच होतें. परंतु मठाची प्रमुख तेव्हां त्यांचीच बहीण पोलिन होती, व तिनें संमति दिली. तो कॅमेरा खिशांत मावणारा नव्हता. त्यांत कांचेची पट्टी बसवावी लागे, आणि चित्र उमटेपर्यंत सर्वांस कांहीं सेकंद निश्चळ राहावें लागे.

एवढा खटाटोप करून सेलिननें काय टिपलें? धुण्याच्या हौदापाशीं जमलेल्या भगिनी, गवत वाळवण्याच्या कामीं लागलेल्या भगिनी, मिस्सेच्या साहित्याची तयारी करणाऱ्या भगिनी. ह्या स्त्रियांस मठाबाहेर फारसें कोणी ओळखत नव्हतें. तेरेजा स्वतः ३० सप्टेंबर १८९७ रोजीं, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षीं, क्षयानें वारली. पुढें १९२५ सालीं ती संत म्हणून घोषित होईल, हें चित्र घेणारीस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. बहीण बहिणीचें चित्र घेत होती, इतकेंच.

आतां त्या धुण्याच्या चित्राकडे पाहूं. तेरेजानें आपल्या आत्मचरित्रांत धुण्याच्या जागेचा एक प्रसंग लिहून ठेविला आहे. समोरची एक भगिनी रुमाल धुतांना मळक्या पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवी. मागें सरून तोंड पुसावें, म्हणजे त्या भगिनीस उमजेल, असें तिला प्रथम वाटलें. परंतु तिनें तसें केलें नाहीं. ते शिंतोडे तिनें आनंदानें सोसले. हा प्रसंग ठाऊक असला म्हणजे तेंच चित्र निराळें भासूं लागतें. छायाचित्र चेहरा राखून ठेवितें. त्या चेहऱ्यामागें काय चाललें होतें, तें कोणीतरी सांगावें लागतें.

दुसरी गोष्टहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. तेरेजाच्या मृत्यूनंतर तिचीं जीं चित्रें जगभर गेलीं, त्यांतील पुष्कळ सेलिननें हातानें काढलेलीं वा सुधारलेलीं होतीं. तिचा हेतु प्रेमाचाच होता. पुढें १९६१ सालीं मूळ छायाचित्रें जशींच्या तशीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां रुंद हनुवटीची, निश्चयी मुद्रेची एक खरीखुरी तरुणी लोकांस दिसली. आज मोबाईलवर बोट फिरवितांच सुरकुत्या नाहींशा होतात. आपल्या आजीच्या कपाळावरील रेषा पुसण्यापूर्वीं, त्या कोणत्या उन्हांत पडल्या हें तिला विचारावें.

लिझ्यूस जसा धुण्याचा हौद, तसें आपल्याकडे बावखल होतें. तेथें रहाट फिरे, केळीच्या व पानवेलींच्या बागांस पाणी जाई, काठावर धुणीं होत. आतां अनेक बावखलें बुजलीं आहेत. लाल लुगडें नेसलेली आजी भाजीची टोपली घेऊन गाडीनें मुंबईस जाई. किती घरांत तिचें टोपलीसह चित्र आहे? मुलीच्या लग्नांतील तिचें चित्र असेल. परंतु ज्या टोपलीनें त्या लग्नाचा खर्च भागविला, ती टोपली त्या चित्रांत नाहीं.

म्हणून आमची आपणांस तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली, येत्या रविवारीं जेवणानंतर घरांतील वडीलधाऱ्या माणसांजवळ ती पेटी घेऊन बसावें. चित्रांत कोण आहे, जागा कोणती, तो माणूस कोणतें काम करी, हें विचारून चित्राच्या मागें मऊ पेन्सिलीनें लिहावें. शाई पुढें फुटते. दुसरी, मोबाईलमधील शेंकडों चित्रांतून वर्षाकांठीं दहा-बारा निवडून छापून घ्यावीं व त्यांवरहि नांवें लिहावीं. तिसरी, माणूस कामांत असतां, त्याची परवानगी घेऊन, त्याचें चित्र घ्यावें: आई भाकरी थापतांना, वडील फुलें खुडतांना, घंटा वाजविणारा दोर ओढतांना.

ह्यांत विलंब परवडणारा नाहीं. ज्यांस जुनीं नांवें ठाऊक आहेत, ते वृद्ध आपल्यांत फार वर्षें राहणार नाहींत. त्यांच्यामागें चेहरे उरतील व ते कोणाचे हें कोणी सांगूं शकणार नाहीं. नोव्हेंबर महिन्यांत आपण मृतांसाठीं प्रार्थना करतों. नांव ठाऊक असेल तर ती प्रार्थना नांवानें करतां येते.

मंदिराचा व धर्मगुरूंचा इतिहास स्मरणिकांतून लिहिला जातोच. बावखलाचा, टोपलीचा व रहाटाचा इतिहास आपल्या पेट्यांतच आहे. तो लिहून ठेवण्यास प्रभु आपणां सर्वांस सवड व सुबुद्धि देवो, एवढें मागून आम्ही आपली रजा घेतों.