दिवा गेला म्हणजे यंत्र मेले नव्हे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा मेळाव्यात शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, चारित्र्य अशा मोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडलेल्या एका यंत्राविषयी बोलणार आहे. ते यंत्र म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. आपल्याकडे असे तीन प्रोजेक्टर कपाटावर धूळ खात पडले होते आणि ते भंगारात काढावेत असा विचार चालला होता. विषय लहान दिसतो, परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. तो मी शेवटी आपल्यापुढे ठेवीन.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकविणारा मास्तर आहे. तरी हे सांगण्याचे धाडस करतो, कारण हे यंत्र समजून घेण्यास पदवीपेक्षा धीर, नियम आणि थोडे वाचन यांची गरज अधिक आहे.

प्रथम हे यंत्र कसे चालते ते पाहू. खाली एक पेटी असते. तिच्यात प्रखर दिवा, त्याच्या मागे प्रकाश परत फेकणारा अंतर्गोल आरसा आणि हवा खेळविणारा पंखा असतो. पेटीच्या वरच्या काचेखाली प्लास्टिकचे एक सपाट भिंग असते. ह्याला फ्रेनेल भिंग म्हणतात. ऑगस्तँ फ्रेनेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जाड भिंगाची अनेक वर्तुळाकार कड्यांत विभागणी केली. असे भिंग १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँ येथील दीपगृहात बसविण्यात आले. जे भिंग समुद्रावरच्या खलाशाला वाट दाखवीत होते, तेच पुढे पातळ प्लास्टिकमध्ये वर्गात आले. ते दिव्याचा प्रकाश गोळा करून वरच्या दांडीवरील डोक्याकडे पाठविते. डोक्यात एक भिंग आणि एक तिरपा आरसा असतो. तेथून पारदर्शक कागदावरील चित्र भिंतीवर पडते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने शिक्षणासाठी ह्या यंत्राचा उपयोग केला. पुढे थ्री-एम कंपनीत रॉजर ॲपलडॉर्न यांच्या कामामुळे १९६० च्या दशकात ते शाळा-शाळांत पोहोचले. आपल्याकडे १९८० आणि १९९० च्या दशकांत अध्यापक महाविद्यालयांतून त्याचा वापर झाला. नंतर संगणकाला जोडण्याचे प्रोजेक्टर आले आणि हे मागे पडले. ते साहजिकच होते. पण मागे पडणे निराळे आणि निरुपयोगी होणे निराळे. ह्या यंत्रावर शिक्षक वर्गाकडे तोंड करून लिहू शकतो. काचेवर चुंबक ठेवून वर कागद पसरा आणि लोखंडाचा कीस भुरभुरवा, असे आपण प्रयोगवहीत वाचतो; कागदाऐवजी पारदर्शक पत्रा घेतला तर चुंबकीय रेषा साऱ्या वर्गाला भिंतीवर हलताना दिसतात. उथळ काचपात्रात पाणी घेऊन बोट बुडविले तर लाटा दिसतात. हे दाखविण्यास कोणताही कार्यक्रम संगणकात भरावा लागत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. विद्यार्थी मित्रांनो, पहिला नियम असा की, पिन भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडावयाचे नाही, आणि दिवा नुकताच जळला असेल तर अर्धा तास थांबावयाचे. दुसरा नियम असा की, शिक्षक किंवा जाणता कारागीर शेजारी असल्याशिवाय ह्या यंत्राला हात लावावयाचा नाही. घरगुती वीज २३० व्होल्टची असते. ती माणसाचे वय पाहत नाही.

यंत्र बंद पडले म्हणजे लोक एकदम म्हणतात, “जळाले!” परंतु नीट पाहिले तर यंत्र स्वतःच आपला आजार सांगते. पंखाही फिरत नाही आणि दिवाही लागत नाही, तर दोष वायर, फ्यूज, मुख्य बटण किंवा झाकणाखालच्या सुरक्षा-बटणात असण्याचा संभव अधिक. हे बटण झाकण उघडताच वीज तोडते. पुष्कळदा झाकण नीट न बसल्यामुळेच यंत्र ‘मेलेले’ असते. पंखा फिरतो पण दिवा लागत नाही, तर दिवा, त्याचा होल्डर किंवा ट्रान्सफॉर्मर तपासावा. दहा मिनिटे चालून आपोआप बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा लागते, तर उष्णतेने तुटणारे संरक्षक बटण आपले काम करीत आहे असे समजावे. तेथे दोष बटणाचा नसून धुळीने भरलेल्या जाळीचा किंवा मंद झालेल्या पंख्याचा असतो. जाळी साफ करावी. पंख्याला साधे बुश असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. पण ते संरक्षक बटण वायरने जोडून ‘बायपास’ कधीही करू नये. असा प्रोजेक्टर चालतो खरा, पण वर्गात शेगडी ठेवल्यासारखा.

चित्र अंधुक दिसत असेल तर भिंगे पुसावीत, परंतु विचार करून. फ्रेनेल भिंग ॲक्रिलिकचे असते. त्याला स्पिरिट, थिनर लावले तर बारीक चिरा पडतात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश घेऊन खाचांच्या दिशेने, गोलाकार हात फिरवावा. डोक्यातील आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या बाजूस असतो, म्हणून तो रगडू नये. फुंकणीने धूळ उडवावी. तो फुटला म्हणून घरातला साधा आरसा बसविला तर भिंतीवर प्रत्येक अक्षराला फिकट जोडीदार दिसू लागतो, कारण काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो.

पालकांनो, सर्वांत अवघड प्रश्न सुट्या भागांचा असतो. दुकानदार म्हणतो, “हे मॉडेल बंद झाले.” मॉडेल बंद झाले असेल, पण दिवा ही निराळी वस्तू आहे. प्रोजेक्टरच्या दिव्यांना तीन अक्षरांची संज्ञा असते आणि ती कोणत्याही कंपनीच्या दिव्यावर एकाच अर्थाने छापलेली असते. उदाहरणार्थ, ई.एच.जे. म्हणजे २४ व्होल्ट, २५० वॅट, ई.व्ही.डी. म्हणजे ३६ व्होल्ट, ४०० वॅट, ई.एन.एक्स. म्हणजे ८२ व्होल्ट, ३६० वॅट. तेव्हा यंत्राच्या नावाने नव्हे, दिव्याच्या संज्ञेने विचारावे. तसेच व्होल्ट आणि वॅट जुळले म्हणून दिवा जुळला असे होत नाही. ई.एल.सी. हा दिवाही २४ व्होल्ट, २५० वॅटचाच आहे, पण त्याला स्वतःचा परावर्तक जोडलेला असतो आणि त्याचे पाय निराळे असतात, ई.एच.जे.च्या जागी तो चालत नाही. ई.एन.एक्स.च्या जागी ४१० वॅटचा एफ.एक्स.एल. बसतो, परंतु पेटी जास्त तापते. यंत्राच्या पाटीवर परवानगी असल्याशिवाय बसवू नये.

नवा दिवा बोटांनी धरू नये. हा हॅलोजन दिवा असतो. त्याचे कवच क्वार्ट्झचे असते. बोटांचा तेलकटपणा तापल्यावर त्यावर डाग धरतो आणि दिवा लवकर जातो. कागदात किंवा स्वच्छ कापडात धरून बसवावा. दिवे वारंवार जात असतील तर होल्डर पाहावा. २५० वॅटचा दिवा २४ व्होल्टवर चालतो तेव्हा सुमारे साडेदहा अँपिअर प्रवाह घेतो. होल्डरची पकड सैल होऊन तेथे ओहमचा फक्त दहावा भाग एवढा रोध निर्माण झाला, तरी त्या टाचणीएवढ्या जागेत दहा वॅटहून जास्त उष्णता तयार होते. होल्डर काळा पडतो आणि नव्या दिव्याचा बळी घेतो. अशा वेळी दिव्याबरोबर चिनी मातीचा होल्डर आणि उष्णता सोसणारी वायरही बदलावी.

हे मिळते कोठे? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पंखे, फ्यूज, उष्णता-संरक्षक बटणे मिळतात. लोहार चाळीत दिवे आणि होल्डर यांची चौकशी करावी. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुनी यंत्रे येतात. त्यातले एक मेलेले यंत्र आपल्या दोन यंत्रांना जीवदान देऊ शकते. पुण्यात तपकीर गल्ली आहे आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आहे. जाताना जुना भाग बरोबर न्यावा, नुसते वर्णन नेऊ नये. दिवा कोठेच मिळाला नाही तर जाणकाराच्या मदतीने मोठा एल.ई.डी. बसविता येतो, मात्र त्याला उष्णता शोषणारी ॲल्युमिनियमची पट्टी हवी, आणि त्याची जागा जुन्या दिव्याची तार जेथे होती नेमकी तेथेच हवी. जागा चुकली तर चित्राच्या कोपऱ्यांना निळसर-तांबूस छटा येते.

आता आमच्या तीन यंत्रांविषयी. एकात नुसता दिवा गेला होता. दुसऱ्यात होल्डर जळाला होता. तिसऱ्याचा ट्रान्सफॉर्मर गेला होता, आणि तसा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळेना. तेव्हा मला आठवीतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची आठवण झाली. त्यांचे मोटर वाइंडिंगचे लहानसे दुकान आहे. गंमत अशी की, त्या मुलाने शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘नोकरी’ असे लिहिले होते. मुलाला बरोबर घेऊन मी दुकानात गेलो.

“चाचा, हे भरून मिळेल का?” मी विचारले.

त्यांनी पाहिले. २४ व्होल्टच्या बाजूचे वेढे शाबूत होते; ते त्यांनी मोजले, पन्नास भरले. २३० व्होल्टच्या बाजूची तार मात्र जळून तुकडे झाली होती. “सर, हे वेढे मोजता येत नाहीत. अंदाजाने भरावे लागेल,” ते म्हणाले.

मुलगा हळूच म्हणाला, “अब्बा, अंदाज कशाला? २४ व्होल्टला ५० वेढे, तर २३० ला ४७९.” हे आठवीचे गुणोत्तर-प्रमाण होते.

वडील थोडे थांबले. मग म्हणाले, “हिशेब बरोबर आहे बेटा. पण दिवा लागला की व्होल्टेज थोडे पडते, म्हणून बनविणारा दोन वेढे जादा देतो. पन्नास नको, अठ्ठेचाळीस धर.” मुलाने पुन्हा आकडा काढला : ४६०. तेवढे वेढे भरले गेले. दिवा न लावता मीटरने २५ व्होल्ट दाखविले आणि दिवा लागल्यावर २४. यंत्र आज आठवीच्या वर्गात चालते आहे.

बंधुभगिनींनो, मघाशी मी ज्या प्रश्नाविषयी बोललो तो हाच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात म्हटले होते की, ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली आहे. ह्यांतील किती मुले गॅरेजात, वर्कशॉपात, कारखान्यात असतात हे आपण आपल्या गल्लीतच पाहतो. घरी म्हणतात, “हाताला हुनर आहे, पुस्तकाची काय गरज?” उलट जी मुले शाळेत टिकतात त्यांना आपण शिकवितो की, हाताने काम करणारा म्हणजे न शिकलेला. मग मुलगा अर्जावर खोटा व्यवसाय लिहितो. ह्या दोन्ही समजुतींनी आपले नुकसान केले आहे. त्या दुकानात मुलाचे गणित नसते तर काम अंदाजावर गेले असते. आणि वडिलांचा अनुभव नसता तर गणित बरोबर असूनही दिवा मंद जळाला असता.

प्रकाशशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते ते इब्न अल-हैसम सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मले. वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो आणि म्हणून ती दिसते, हे त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ ह्या ग्रंथात मांडले. पण केवळ तर्काने नव्हे. अंधाऱ्या खोलीत, छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग करून. त्यांच्याजवळ लेखणीही होती आणि हातही होते. त्यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या आपण मुलांच्या एका हातातून लेखणी आणि दुसऱ्या हातातून पकड काढून घेऊ नये.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्यापैकी जे वायरमन, वाइंडर, टी.व्ही. दुरुस्त करणारे किंवा टर्नर असतील त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेला द्यावा. शाळा त्यांना पाहुणा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलावील. ज्या पालकांचा मुलगा शाळा सोडून कामाला जाण्याच्या बेतात आहे त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी एकदा येऊन भेटावे, दहावीनंतर आय.टी.आय. आणि पदविका यांची वाट आहे, आणि तेथे त्याचा हुनर वाया जात नाही, वाढतो. मुलींच्या पालकांना वेगळे सांगतो की, दुरुस्तीच्या गटात मुलींनाही तेवढीच जागा आहे. होल्डरचे बारीक स्क्रू बसविण्यात त्या सध्या मुलांच्या पुढे आहेत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, अर्जावर वडिलांचा जो व्यवसाय आहे तोच लिहा. स्वच्छ अक्षरात लिहा.