दारावरचा टिपणीस

घरांतील संगणकावरून महिनाभरांत किती माहिती आली-गेली, याचा आंकडा सेवा पुरविणाऱ्या कंपनीपाशीं असतो. तो पडताळून पाहण्यास गृहस्थापाशीं स्वतःची वही क्वचितच असते. लिनक्स प्रणालीवर ही वही लिहिण्याचें काम 'व्हीएनस्टॅट' हा प्रोग्राम करतो.

वास्तविक लिनक्सचा गाभा प्रत्येक जोडणीवरून गेलेले बाइट मोजीतच असतो. परंतु यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें, कीं ती मोजणी शून्यावर येते. व्हीएनस्टॅटचा 'डीमन', म्हणजे पडद्याआड अखंड राबणारा सेवक, दर 20 सेकंदांनीं तो आंकडा वाचतो आणि दर 5 मिनिटांनीं टिपण जपून ठेवतो. जकातनाक्यावरील कारकुनानें गाडीचें वजन तेवढें लिहावें, आंतील गांठोडीं सोडूं नयेत, तसा हा प्रकार आहे. साहजिकच कोणत्या संकेतस्थळानें किती खर्च केला, हें त्याला विचारून उपयोग नाहीं.

वीस सेकंदांचें हें अंतर उगाच वाढवूं नये. 32 बिटांची मोजणी 4,29,49,67,296 बाइट होतांच पुन्हा शून्यापासून सुरू होते. सेकंदास एक गिगाबिट वेग असल्यास हा फेरा सुमारें 34 सेकंदांत पुरा होतो. दोन वाचनांमध्यें एक फेरा पडला तर हिशेब सांवरतां येतो, दोन पडले तर एक बुडालाच.

सर्वांत दुर्लक्षित, आणि बिलाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची, ओळ निराळीच आहे. 'ईटीसी' या डिरेक्टरींतील 'व्हीएनस्टॅट.कॉन्फ' ही फाइल मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकारानें उघडावी. तींत 'मंथरोटेट' या शब्दापुढें 1 असतो, म्हणजे महिना पहिल्या तारखेस पालटतो. बिल 7 तारखेपासून सुरू होत असेल तर तेथें 7 लिहावें. मग फेब्रुवारीचे पहिले सहा दिवस जानेवारींतच धरले जातात. 1 ते 28 एवढेच आंकडे चालतात. हा बदल मागील नोंदींस लागू होत नाहीं, म्हणून तो आरंभींच करावा, व सेवा बंद करून पुन्हा चालू करावी.

मासिक नोंदी 25 महिने राहतात, दैनिक मात्र 62 दिवसच. तेव्हां कंपनीशीं तक्रार करावयाची झाल्यास ती दोन महिन्यांच्या आंत करावी. शिवाय ही मोजणी त्या एका यंत्राची असते. घरांतील फोन वायफायनें परस्पर किती ओढतात, तें कळण्यास हा टिपणीस लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवरच बसवावा लागतो.