त्या वयातली गाणी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू गाणं शिकवतेस, तर गाण्यावर दहा मिनिटं बोल. फक्त गाऊ नकोस, जेवणाला उशीर होईल." तेव्हा गात नाही, एक प्रश्न तेवढा तुमच्यापुढे ठेवते. स्वर म्हणजे हवेची कंपनं. त्या कंपनांना सुख नाही, दुःख नाही. मग गाणं ऐकून आपला गळा का दाटतो?

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्वरांची रसांशी सांगड घातलेली आहे. षड्ज आणि ऋषभ वीर, रौद्र, अद्भुत या रसांसाठी. गांधार आणि निषाद करुणासाठी. पण प्रत्यक्ष गाताना हे गणित इतकं सरळ राहत नाही. भैरवीच घ्या. तिच्यात एखादी ठुमरी विरहाची होते, एखादं भजन मन निववतं आणि मैफलीच्या शेवटी तीच भैरवी हुरहूर लावते. म्हणजे कोणता स्वर लावला याच्याइतकंच तो कसा लावला यालाही महत्त्व आहे.

आपलं रोजचं बोलणं आठवा. खचलेला माणूस हळू, खालच्या आवाजात बोलतो. निकालाची चांगली बातमी सांगणारा भरभर आणि चढ्या आवाजात बोलतो. शब्द कळले नाहीत तरी त्याची अवस्था कळते. गाणं हीच ओळख वापरतं. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९९ साली हिंदुस्थानी रागांचे तुकडे या संगीताची सवय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले; शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. मला यातून असं वाटतं, की काही भाव कानाला उपजत कळतात आणि काहींसाठी कानावर संस्कार व्हावे लागतात.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. तबलजी तिहाई घेतो तेव्हा आपण सगळे मनातल्या मनात समेकडे निघालेले असतो. ती नेमकी समेवर पडली की आपोआप "वा!" निघते. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की आवडीचं संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन नावाचं आनंद देणारं रसायन स्रवतं, आणि ते उत्कट क्षण येण्याच्या आधी, त्याची चाहूल लागतानाही स्रवतं. तालाचं तर शरीराशीच नातं आहे. २६ जानेवारीला हलगी वाजू लागली की लेझीम हातात नसलेल्यांचेही पाय हलायचे, ते याचमुळे.

पण तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. ती गाण्यात नसते, आपल्यात असते. उतारवयात माणसाला आयुष्यातल्या इतर काळापेक्षा साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात, असं मानसशास्त्रज्ञांना दिसलं आहे. गाण्यांच्या बाबतीत शाळा-कॉलेजची वर्षं विशेष ठळक असतात. आपण दहावीत गेलो ते १९८८ साल. 'कयामत से कयामत तक' आणि 'अशी ही बनवाबनवी' त्याच सालचे. त्यांतलं एखादं गाणं लागलं, की आपल्याला आधी गाणं आठवत नाही. बाक आठवतो, शेजारी बसणारा आठवतो. समोर बसलेल्या सर-बाईंपैकी काही जण १९५५ साली त्याच वयाचे असतील. त्या वर्षी १ एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर चाललं. ५६ गीतं! आपल्याला ती कॅसेटवर मिळाली; त्यांना दर आठवड्याला वाट पाहून मिळाली. गाणं तेच, पण त्यांचं आणि आपलं ऐकणं एक नाही.

हे मी आज का सांगते आहे? माझ्या आईला शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता. मला ती "अहो बाई" म्हणायची. घरात भजनं लावलेली असत, ती शांतपणे ऐकायची. एकदा मावशी राहायला आली. तिने आईजवळ बसून 'नागिन'मधलं एक गाणं गुणगुणायला सुरुवात केली. हा चित्रपट १९५४चा. आईने ते गाणं मधूनच उचललं आणि शेवटपर्यंत म्हटलं, एक शब्द न चुकता. मग मावशीकडे बघून हसली. ओळखीचं हसली.

गाण्यांच्या स्मृतीशी जोडलेले मेंदूचे काही भाग या आजारात इतर भागांच्या मानाने उशिरा बाधित होतात, असं संशोधन सांगतं. गाण्याने आजार बरा होत नाही. आईही बरी झाली नाही. पण त्या गाण्यांमुळे तिच्यापर्यंत पोचायला आम्हाला एक वाट मिळाली. ती वाट फक्त मावशीला ठाऊक होती. आईच्या चौदाव्या वर्षी तिच्या ओठांवर कोणतं गाणं होतं, हे आम्हा मुलांना कुठून माहीत असणार? मावशी नसती तर ते कधीच कळलं नसतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. ज्यांचे आईवडील आहेत, त्यांनी घरी गेल्यावर त्यांना त्यांच्या शाळेच्या वयातली गाणी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. "कोणतंही चालेल" असं म्हणाले तरी सोडू नका. आज जेवताना आपल्या सर-बाईंनाही विचारा. आणि मग स्वतःची दहा गाणी लिहून मुलांच्या हाती द्या. ती आत्ता हसतील, हसू द्या.